खेळाला मार्क किती, आणि ते दिले कोणी?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : किती टक्के पडले? मुलाला कोणता विषय जड गेला, घरात अभ्यासाला जागा होती की नव्हती, ही चौकशी मागाहून होते. पुष्कळदा होतच नाही. आकडा कानावर पडला की विचारणाऱ्याचे समाधान होते. ही आपली जुनी सवय आता मुलांनी आणखी एका ठिकाणी नेली आहे. संगणकावर किंवा टीव्हीला यंत्र जोडून जे खेळ खेळतात, त्यांनाही परीक्षक मार्क देतात आणि आपली मुले ते मार्क पाढ्यासारखे म्हणून दाखवतात.

कोणी म्हणेल, कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला? आमचे म्हणणे असे की, ज्या गोष्टीवर घरातला पैसा खर्च होतो ती कुटुंबाची गोष्ट आहे. मोठ्या कंपनीच्या नव्या खेळाची किंमत चार-पाच हजार रुपयांपर्यंत जाते. एवढ्या पैशात आपल्यासारख्याच्या घरात महिन्याचा किराणा भरतो. तेव्हा मुलगा ज्या आकड्याच्या जोरावर हट्ट धरतो, तो आकडा कसा तयार होतो, हे आईबापांना ठाऊक असलेले बरे.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात जुन्या बाजारातून घेतलेला संगणक आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानात माल उतरवण्याचे काम करून त्याने ४,००० रुपये साठवले आणि एक नवा खेळ घ्यायचे ठरवले. ताई पॅकिंगच्या कामाला जाते. पैशाची किंमत तिला कोणी शिकवायला नको. तिने त्याला आमच्याकडे पाठवले. कारण काय, तर मामा बी. कॉम. आहे, हिशेबातला आहे. पोरगा आला तो मोबाईल पुढे धरूनच. "मामा, नव्वदच्या वर मार्क आहेत. सगळ्या जगाने दिलेत." ताई मागून म्हणाली, "जगाचे राहू दे. आपल्या या मशीनवर तो चालेल का, तेवढं विचार तुझ्या मामाला."

ताईचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. त्यानंतर पंधरा दिवस ऑफिस सुटल्यावर आम्ही भाच्याला बरोबर घेऊन या मार्कांच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे मांडत आहोत.

खेळांना मार्क देण्याची पद्धत नवी नाही. इंग्लंडात १९८४ साली 'क्रॅश' नावाचे मासिक सुरू झाले. लडलो नावाच्या लहान गावातून ते निघे आणि खेळून पाहायला तिथल्याच शाळकरी मुलांना बसवले जाई. प्रत्येक खेळाला टक्के दिले जात. जपानात १९८६ साली निघालेल्या 'फॅमित्सू'ची रीत वेगळी. तिथे चार परीक्षक एकच खेळ खेळतात, प्रत्येकजण १० पैकी मार्क देतो आणि बेरीज ४० पैकी छापतात. ४० पैकी ४० मिळवणारा पहिला खेळ १९९८ साली निघाला. 'झेल्डा' मालिकेतला तो 'ओकारिना ऑफ टाइम'. चौघांचे वेगवेगळे मार्क डोळ्यांपुढे असल्यामुळे, कोणाला आवडला आणि कोणाला नाही, हे वाचणाऱ्याला निदान दिसते.

अमेरिकेत 'आयजीएन'वाले काही वर्षे चित्रे, आवाज, मांडणी, खेळण्याची मजा आणि टिकाऊपणा यांना निरनिराळे मार्क देत आणि खाली एकूण मार्क लिहीत. त्या एकूण मार्कांपाशी चक्क लिहिलेले असे की ही सरासरी नव्हे. आमच्या टेबलावर असा तक्ता आला असता तर ऑडिटरने लाल पेन उघडले असते. परंतु विचार केला तर त्यात तथ्य आहे. रश्श्यात मीठ बरोबर, तिखट बरोबर, तेल बरोबर, पण भांड्याच्या बुडाला लागला असेल तर तीन जिन्नसांची सरासरी काढून तो चांगला ठरत नाही. खेळाचेही तसेच. चित्रे देखणी असतील, आवाज घुमत असेल; पण बटण दाबल्यावर माणूस हलायला उशीर लागत असेल तर बाकी सगळे वाया.

मग हा एक आकडा येतो कुठून? तर परीक्षकाच्या अंदाजातून. आणि अंदाजाला सवयी लागतात. आम्ही दरवर्षी वस्तीतल्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसतो. तिथे पाहिले आहे की १० पैकी मार्क द्यायचे असले तरी कागदावर ७, ८ आणि ९ हेच आकडे फिरतात. समोर मूल उभे असते, आईबाप बसलेले असतात; ३ किंवा ४ लिहायला कोणाचा हात धजत नाही. म्हणून आम्ही मार्कांच्या बाजूला दोन ओळी लिहितो : आवाज शेवटपर्यंत पोचला नाही, मुद्दे चांगले, शेवट घाईत झाला. स्पर्धेनंतर मुले तो कागद मागायला येतात. सातचे आठ कसे झाले असते, हे आकड्यात नसते, त्या ओळींत असते.

खेळांच्या परीक्षकांचीही हीच गत आहे. कागदावर पट्टी शून्यापासून दहापर्यंत असते, पण वापर होतो सातच्या पुढचा. ७ म्हणजे बरा, ६ म्हणजे नापास, असा अर्थ लोकांनी लावून टाकला आहे. इंग्लंडातच 'अमिगा पॉवर' नावाच्या मासिकाने १९९१ ते १९९६ या काळात हट्टाने पूर्ण पट्टी वापरली. साधारण खेळाला ५० टक्के, त्याहून वाईट असेल तर त्याहून कमी. खेळ विकणाऱ्या कंपन्यांना ते रुचले नाही, हे सांगायला नको.

या फुगवट्याचा पुरावा एका ठिकाणी अगदी रंगांत दिसतो. २००१ साली 'मेटाक्रिटिक' नावाचे संकेतस्थळ निघाले. निरनिराळ्या परीक्षकांचे मार्क गोळा करून, १०० पैकी एक आकडा काढून ते दाखवते. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. आता गंमत पाहा. तिथे सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग लागतो. खेळाला मात्र हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे सिनेमाचे ७० आणि खेळाचे ७० यांची किंमत एक नाही, हे मार्क गोळा करणाऱ्यांनीच मान्य केले आहे. भाच्याला हे दाखवले तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

दुसरी गोष्ट सरासरीची. कॉमर्सच्या मुलांना भारित सरासरी शिकवतात. ज्याचे वजन जास्त, त्याचा आकडा जास्त मोजायचा. मेटाक्रिटिकची सरासरी अशीच आहे. कोणत्या परीक्षकाचा शब्द जड आणि कोणाचा हलका, हे ते ठरवतात. पण कोणाला किती वजन दिले, ते जाहीर करत नाहीत. बेरीज दाखवायची आणि हिशेबाची वही कपाटात ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, खेळाचेच तर मार्क आहेत, त्यात एवढे काय? आम्हालाही सुरुवातीला तसेच वाटले होते. पण मग २०१० सालचे एक प्रकरण वाचनात आले. कॅलिफोर्नियातील 'ऑब्सिडियन' नावाच्या कंपनीतल्या कामगारांनी 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ बनवला. तो विकणारी कंपनी दुसरी होती. करार असा, की ठरलेली रक्कम एकदाच मिळेल, पुढच्या विक्रीत वाटा नाही. मात्र मेटाक्रिटिकवर ८५ मार्क पडले तर वर बोनस. मार्क पडले ८४. बोनस गेला. ही गोष्ट त्या कंपनीतील ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितली.

वाचक बंधू-भगिनींनो, बोनस म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. गिरणीत, कारखान्यात, नगरपालिकेत राबलेल्या माणसांच्या घरात दिवाळीचा बोनस हा कपड्यांचा, फीचा, उधारी फेडण्याचा पैसा असतो. ८४ मार्कांचा खेळ आणि ८५ मार्कांचा खेळ, यांत खेळणाऱ्याच्या हाताला लागेल असा फरक कोणता? कोणताही नाही. तो खेळ आजही लोक आवडीने खेळतात. तरी ज्या आकड्याची वजने जाहीर नाहीत, त्या आकड्यावर माणसांच्या कष्टाचा पैसा टांगला गेला. परीक्षकांनी हे मागितले नव्हते. त्यांनी आपले मत लिहिले. त्या मताची तलवार करारात दुसऱ्यांनी बसवली.

आता परीक्षकाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण तोही पगारी माणूस आहे. खेळ बाजारात येण्यापूर्वी कंपनी त्याला एक प्रत फुकट देते. अमुक दिवसापर्यंत एक अक्षर छापायचे नाही, अशी अट असते. हातात चार-आठ दिवस आणि खेळ पन्नास-पन्नास तासांचा. रात्री जागून तो संपवायचा आणि ठरल्या मुहूर्ताला लेख द्यायचा, कारण उशिरा आलेला लेख कोणी वाचत नाही. आणि ज्या पानावर त्याचा लेख येतो, त्याच पानावर त्याच खेळाची जाहिरात झळकत असते. २००७ साली 'गेमस्पॉट' या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन या परीक्षकाने 'केन अँड लिंच' या खेळाला १० पैकी ६ दिले. त्या दिवसांत त्या खेळाच्या जाहिराती संकेतस्थळभर लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. दोन्हींचा संबंध नाही, असे संस्थेने तेव्हा सांगितले. २०१२ साली बोलण्याची मोकळीक मिळाल्यावर गर्स्टमन यांनी सांगितले की जाहिरातदारांच्या नाराजीचा दबाव होता. त्या काळी ६ मार्क लिहायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार ९ मार्क वाचताना करावा.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला २०२० सालच्या एका प्रकरणात सापडले. पोलंडमधल्या 'सीडी प्रोजेक्ट' या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ त्या वर्षी १० डिसेंबरला बाजारात आला. त्याआधी परीक्षकांना फक्त संगणकावर चालणारी प्रत दिली होती. टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रावरची प्रत दाखवलीच नाही. स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये दाखवायला परीक्षकांना मनाई होती. कंपनीने दिलेलीच दाखवायची. परीक्षकांनी बऱ्यापैकी भारी संगणकांवर खेळून भरभरून मार्क दिले. ते वाचून ज्यांनी जुन्या यंत्रासाठी पैसे मोजले, त्यांच्या घरी खेळ अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढे जून २०२१ मध्ये तो परत विक्रीला आला. मेटाक्रिटिकवर संगणकाच्या प्रतीला ८६ मार्क आहेत आणि प्लेस्टेशन ४ च्या प्रतीला ५७. खेळ एकच, नाव एकच. ज्याच्याकडे नवे यंत्र त्याला ८६ चा माल आणि ज्याच्याकडे जुने त्याला ५७ चा.

म्हणजे मार्क हे खेळाचे असतात तसेच ते ज्या यंत्रावर खेळ चालवला त्या यंत्राचेही असतात. परीक्षकाच्या टेबलावरचा संगणक आणि आपल्या घरातला जुन्या बाजारातला संगणक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गरिबाच्या घरी खेळ कसा चालेल, हे परीक्षकाने मुद्दाम तपासले तरच कळते. काही चांगले परीक्षक ते तपासतात आणि लिहितातही. पण ते लेखाच्या मध्यात असते आणि आपली मुले शेवटचा आकडा पाहून पान बंद करतात. शिवाय कंपन्या मागाहून खेळ दुरुस्त करत राहतात. सायबरपंकही पुढे पुष्कळ सुधारला. पण मेटाक्रिटिक परीक्षकाने पहिल्यांदा दिलेलेच मार्क धरते. तो आकडा पहिल्या दिवसाचा असतो. आपण खेळ घेतो दोन वर्षांनी.

म्हणून काहींनी आकडाच काढून टाकायचे ठरवले. इंग्लंडच्या 'युरोगेमर'ने फेब्रुवारी २०१५ मध्ये १० पैकी मार्क देणे बंद केले आणि 'घ्यावा', 'टाळावा' असे शिक्के सुरू केले. २०२३ साली मात्र पाच ताऱ्यांची पद्धत आणली. वाचणाऱ्याला काहीतरी खूण लागते, हे खरे. आकड्यावर आमचा राग नाही. आकडा म्हणजे घराच्या दारावरची पाटी. आत कोण राहते ते दार उघडल्यावर कळते.

आत काय असते, याचे जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. पुण्यातल्या 'नोडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला आणि तो परदेशातल्या परीक्षकांनी खेळून पाहिला. राजस्थानी वाड्यांची आणि रंगांची त्यांनी वाखाणणी केली. लढाईचा भाग कच्चा आहे, खेळ लवकर संपतो, असेही लिहिले. आता ज्या मुलीला चित्रकलेची आवड आहे तिने हे वाचले तर ती घेईल. ज्या मुलाला नुसती हाणामारी हवी तो घेणार नाही. दोघांचा निर्णय बरोबरच. एका मधल्या आकड्याने दोघांनाही काही सांगितले नसते.

परीक्षकांवर भरवसा नाही म्हणून मुले आता व्हिडिओ करणाऱ्यांकडे वळली आहेत. "तो आपल्यातला आहे, मामा, खरे सांगतो," असे भाचा म्हणाला. तेव्हा आम्ही त्याला अमेरिकेतला २०१६ सालचा निकाल दाखवला. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या खेळासाठी वॉर्नर ब्रदर्स कंपनीने नामांकित व्हिडिओवाल्यांना हजारो डॉलर देऊन कौतुक करवून घेतले आणि ही जाहिरात आहे, हे प्रेक्षकांना धड कळू दिले नाही, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून असा नियम केला आहे की पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केले तर तसे स्पष्ट लिहावे. ती लहान अक्षरे शोधायला मुलांना शिकवावे. ज्याने खेळ फुकट घेतला आणि वर पैसेही घेतले, तो आपल्यातला कसा?

गिऱ्हाइकांची मते उपयोगी पडतात. 'स्टीम' या दुकानात २०१३ पासून खेळ विकत घेतलेल्यांना मत लिहिता येते आणि त्याने किती तास खेळून ते लिहिले, तेही बाजूला दिसते. मात्र तिथेही कधी कधी रागाची लाट येते. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' खेळायला सोनीचे खाते काढण्याची सक्ती होणार, असे कळताच दोन लाखांहून अधिक लोकांनी विरोधी मते नोंदवली आणि कंपनीला सक्ती मागे घ्यावी लागली. गिऱ्हाईक एकत्र आले तर काय होते, हे त्यातून दिसले; पण त्या दिवशीच्या आकड्यावरून खेळ खेळायला कसा आहे, हे कोणालाच कळले नसते.

भाच्याचे पुढे काय झाले? आम्ही दोघांनी त्या नव्वदवाल्या खेळाची तीन परीक्षणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. इंग्रजी शब्द अडले तिथे डिक्शनरी काढली. मग खेळाला किमान कसला संगणक लागतो, तो तक्ता पाहिला. मेमरी लागत होती १६ जीबी, ताईच्या घरात होती ८. म्हणजे तिचा प्रश्न बरोबर निघाला. पोराने स्वतःच ठरवले. साठवलेल्या पैशातून त्याने आधी वापरलेली पण चांगली मेमरी बसवून घेतली. ती त्याच्या कॉलेजच्या ड्रॉइंगच्या कामालाही आली. उरलेल्या पैशात तीन वर्षांपूर्वीचा एक खेळ सवलतीत घेतला. त्याला मार्क ७८ आहेत. रविवारी तो आणि त्याची धाकटी बहीण पाळीपाळीने खेळतात.

आईबापांना आमचे सांगणे एवढेच. मुलाने मार्क सांगितले की रागावू नका. त्याला चार प्रश्न विचारा. हे मार्क कोणत्या यंत्रावर खेळून दिले? खेळ पूर्ण खेळून दिले का? देणाऱ्याला प्रत आणि पैसे कोणी दिले? आणि परीक्षकाला काय आवडले नाही, ते तुझ्या शब्दांत सांग पाहू? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर त्याने परीक्षण वाचलेले नाही असे समजा. वयाचाही शिक्का पाहा. अमेरिकेत १९९४ पासून आणि युरोपात २००३ पासून खेळांवर वयाचे शिक्के असतात. ९० मार्कांचा खेळ १८ वर्षांवरच्यांसाठीच असू शकतो. स्टीमवर घेतलेला खेळ चालला नाही तर १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आमच्या अभ्यासिकेत आता महिन्यातून एकदा मोठी मुले एक परीक्षण मोठ्याने वाचतात आणि लहानांना मराठीत समजावतात. खेळ विकत घेणे कोणालाच परवडत नाही असे महिने असतात; वाचायला पैसे पडत नाहीत. मागच्या खेपेस एका सातवीतल्या मुलीने मध्येच विचारले, "काका, यांनी खेळ बनवणाऱ्यांना बोनस मिळाला का?" त्यावर पुढचा अर्धा तास चर्चा चालली.